तायडेभाऊंची पुढची नदी

तायडेभाऊ भेटले की आधी तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरतात. नमस्कार मागाहून. डाव्या हाताच्या दोन बोटांत कापड चोळायचं, डोळे किलकिले करायचे आणि निकाल द्यायचा, "सव्वीस एमएमचा धागा हाय. दुकानदारानं तुमाले एकोणतीसचा सांगतला असन." मग त्या माणसाचा नवा शर्ट दिवसभर त्याला टोचत राहतो.

अकोटच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाचे ग्रेडर आहेत. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतात, आतला मूठभर कापूस काढतात, ओल बघतात, धागा ओढतात आणि माल कोणत्या ग्रेडचा ते सांगतात. वरचा कापूस बघतही नाहीत. "वरचा तं सारेच चांगला ठेवतात, सर," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी. तिच्यावरून हे वाक्य माझ्याकडे कितीदा तरी आलं आणि दर वेळी मी चपापलो. का, ते सांगायलाच लिहायला बसलो आहे.

ग्रेड देण्याची सवय जिनिंगपुरती राहिली नाही. शोभावहिनींची कढी ग्रेड दोन. अकोट-अकोला रस्ता ग्रेड पाच. लग्नातली पंगत, नवा तलाठी, माझ्या मुलीचं अक्षर, सगळ्यांना नंबर. त्यामुळे चार वर्षांपूर्वी मोबाइलवर रबरी होड्यांचा एक व्हिडिओ बघताना त्यांनी 'ग्रेड थ्री रॅपिड' हे शब्द ऐकले, तेव्हा ते भिंतीवरून जवळजवळ माझ्या अंगणात पडले.

"सर! पाण्यालेही ग्रेड असते!"

खळाळत्या पाण्याला एक ते सहा नंबर देतात हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. "कापसात एक नंबरचा माल चांगला. पाण्यात नंबर वाढला का माणूस गेला. उलटं हाय, पण हाय ग्रेडच." वयाच्या एकावन्नाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की नावेत बसून नद्यांची ग्रेड आपण स्वतः तपासायची, एकेक नंबर वर चढत.

आता आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. आमच्याकडे विहीर खारी आणि नदी म्हणजे बहुतेक महिने वाळू. वहिनी म्हणाल्या, "घरी नळ आठव्या दिवशी येते, अन् हे निंगाले नदी शोधाले! बह्याड झाले हो सर तुमचे भाऊ."

सराव माझ्या अंगणात सुरू झाला. बाज ही नाव. तिच्या कडेनं त्यांनी नारळाची दोरी बांधली, खऱ्या नावेला धरायला असते तशी. खराटे ही वल्ही. ते उजवीकडे, मी डावीकडे. ते "पुढं! पुढं! आता मांगं!" असं ओरडायचे आणि आम्ही दोन पोक्त पुरुष खराट्यानं हवा लोटायचो. दुधाची किटली घेऊन जाणारी माणसं थांबून बघायची. एकानं विचारलंही, "कोनतं गाव आलं, भाऊ?"

सगळ्यात जास्त सराव बुडत्याला ओढण्याचा. भाऊ केशरी लाइफ जॅकेट घालून बाजेला लागून खाली जमिनीवर गुडघ्यांवर बसायचे, दोन्ही खांदे वर करायचे. वरच्या माणसानं दोरी सोडायची, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही मुठींत धरायचे आणि स्वतःला मागे झोकून द्यायचं. बुडणारा अंगावर येऊन पडतो. "दोरी सोडल्याबिगर माणूस वर येत नाई, सर," ते बजावायचे. मी त्यांना शंभरदा तरी ओढलं असेल. बाजेची कडेची एक दांडी त्यात मोडली.

मग आम्ही कोलाडला गेलो, कुंडलिकेवर. सकाळी धरणाचं पाणी सोडतात, त्यावर नावा चालतात. परत आल्यावर मी जी हकिगत सांगितली ती अकोटमध्ये अजून चालते. तिसऱ्या उसळीला भाऊ हवेत उडाले, कापसाच्या गाठीसारखे पाण्यात पडले, "ग्रेड तीन! पक्की ग्रेड तीन!" असं ओरडत वाहत गेले आणि पुढच्या वळणावर मदतीच्या होडीनं त्यांना उचललं. मी हात दिला होता, पण पोचला नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे उभं राहून, हातवारे करून सांगितलं. जिनिंगमध्येही सांगितलं. भाऊ शेजारी उभे राहून हसत होते. त्यांचा उजवा अंगठा प्लास्टरमध्ये होता. दगडावर आपटला होता.

तो अंगठा अजून वाकत नाही. ग्रेडरचा सगळा धंदा अंगठ्यात असतो. सहा महिने त्यांनी डाव्या हाताला कापूस शिकवला. सुरुवातीला दोन गाड्या चुकीच्या पास झाल्या आणि मालकानं चारचौघांत विचारलं, "तायडे, आता पायानं पाहून राहिले का?"

पण राफ्टिंग सुटलं नाही. आता पुढची नदी निवडायची होती आणि ती निवडणूक दोन वर्षं चालली. भल्या सकाळी भिंतीवर त्यांचं डोकं उगवायचं. "सर, गंगा. ऋषिकेश. ग्रेड तीन." दोन दिवसांनी, "गंगा क्यान्सल. दांडेलीची काळी पाहू." मग काळीही नको. ब्यास आली, गेली. तीस्ता आली, आठवडाभर टिकली, गेली. एका जाड वहीत ते काहीबाही लिहायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे, मधेच थांबून माझ्याकडे बघायचे. गल्ली विचारायची, "काय तायडेभाऊ, नदी पसंत पडली का?" उपवर पोराच्या बापाला विचारावं तसं. वहिनी परस्पर उत्तर द्यायच्या, "पत्रिका जुळून नाई राहिली!"

मला वाटायचं, भाऊ घाबरले. आणि खरं सांगतो, मला त्याचं बरं वाटायचं. ते घाबरले की मी एकटा उरत नव्हतो.

पण कुठल्याही नदीच्या नावापुढे "मी बी येतो" असं म्हणायची वेळ आली की मला पेपर तपासायचे असायचे. गुडघा दुखायचा. एकदा तर मी नसलेल्या साडूला दवाखान्यात टाकलं.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ते भिंत ओलांडून आले. बाही धरली नाही. "सर, ऋषिकेशवाल्याचा फोन आला. एका नावेत दोन जागा हायेत. उद्या सकाळी सांगा लागते. येता का?" मी गुडघ्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "गुडघा राहू द्या. येत असान तं हाव म्हना, नाई तं नाई म्हना. मंग मी बी वही बंद करतो. वय होऊन राहिलं आता."

ते माझ्याशेजारी बाजेवर बसले. कडेची नारळाची दोरी अजून तशीच होती, उन्हानं पांढरी पडलेली. मी तिच्याकडे बघत होतो आणि दोन वर्षं शाळेच्या भाषेत घोळवलेलं वाक्य घरच्या भाषेत बाहेर पडलं.

"भाऊ, माहा हात पोचत होता."

त्यांनी दोरीचा एक सुटा धागा चिमटीत धरला.

"तुमी पडले अन् माह्यापाशीच वर आले. दोन फुटांवर. तुमी खांदे वर केले. मी दोरी नाई सोडली. दोन्ही हातांनी दोरी धरली अन् तुमाले पाहत राहिलो. मले वाटलं, सोडली तं मी बी जातो. मंग थे पानी घेऊन गेलं तुमाले. कापसाची गाठ, ओरडनं, सारं मी बनवलं. तुमी ओरडले नव्हते. फक्त 'सर' म्हटलं होतं."

"माहीत हाय मले."

"माहीत हाय?"

"दोन फुटांवर होतो ना सर मी. तुमचे डोये दिसत होते." त्यांनी डाव्या हातानं उजवा अंगठा चोळला. "पह्यले सहा महिने लय राग होता. मालक बोलला त्या दिवशी तं भिंत उंच करतो म्हटलं. गवंडी बी पाहून आलो होतो."

"मंग कायले नाई केली?"

त्यांनी काखेतली जाड वही माझ्या मांडीवर ठेवली. त्यात नद्यांची पानं होती. नाव, ग्रेड, पाणी, आणि खाली तांबड्या शाईत रद्द करण्याचं कारण. ब्यास: पाणी बर्फाचं, सरांचे हात आखडतील. तीस्ता: रॅपिड सलग, सरांना दम खायला जागा नाही. काळी: पाण्यात सुसरी, सर पालीला भितात. गंगा: बरी, पण सर अजून बोलले नाहीत.

मी दोन वर्षं ज्याला त्यांची भीती समजत होतो, ती सगळी माझी होती, त्यांच्या अक्षरात.

"एकटे जायचं होतं ना भाऊ," मी म्हणालो. "माह्यासाठी कायले थांबले?"

"कोनासंगं जाऊ? अख्खं अकोट हासते माह्यावर. खराटा घेऊन बाजेवर तुमीच तेवढे बसले." ते उठले, दोन पावलं गेले, परत फिरले. "अन् वरून कोरड्या दिसनाऱ्या मालाची ग्रेड मी देत नाई, सर. आतली ओल दिसली, आता देता येते."

"किती?"

"कच्चा माल हाय. पन खोटा नाई."

ते भिंतीपलीकडे घरात गेले आणि केशरी जॅकेट घालून आले. त्यावरची माती झटकून बाजेला लागून खाली गुडघ्यांवर बसले आणि खांदे वर केले. वहिनी पलीकडे आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "घोटभर पानी नाई तिथं बुडून राहिले हे!" असं म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत.

मी बाजेवर चढलो. सवयीनं दोन्ही हात दोरीवर गेले. खालून भाऊ माझ्याकडे बघत होते, तेव्हा बघत होते तसेच.

"सर," ते म्हणाले.

मी दोरी सोडली.