किसनभाऊंच्या देवीचे डोळे

आमच्या शेजारचे मूर्तिकार किसनभाऊ आल्यागेल्याला चहा विचारत नाहीत, मातीचा गोळा देतात. तुम्ही खुर्चीवर टेकलात की ओला, थंडगार गोळा हातात येऊन पडतो. "मळत राहा," ते म्हणतात, "रिकाम्या हाताचा मानूस फालतू बोलते."

आर्णीतल्या आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी त्यांची मुलाखत घ्यायला मी गेलो, तेव्हाही हेच झालं. निवृत्त मास्तर असल्यामुळे मला प्रश्न विचारायची खोड आहे. प्रेरणा कुठून मिळते, म्हटलं.

"नदीवरून. ट्रॉली भरून आनतो."

मूर्ती घडवताना मनात काय चाललेलं असतं?

"कंबर दुखून राह्यली, हेच."

सृजनाच्या वेदनेवरचा प्रश्न मी मग गाळूनच टाकला. तासाभरानं माझ्या कागदावर जेमतेम चार ओळी होत्या आणि हातात बऱ्यापैकी जमलेला एक बैल. भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला. "हेच छापा, गुरुजी," म्हणाले.

एका प्रश्नाचं मात्र त्यांनी सरळ उत्तर दिलं. मूर्ती पूर्ण झाली हे कसं कळतं? तर डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. ती झाली की सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक जाते, "चाल तं जरा." वहिनी हातातलं काम टाकून मूर्तीकडे बघत फाटकापासून नळापर्यंत चालतात. देवीची नजर नळापर्यंत त्यांच्या सोबत आली पाहिजे. "येऊन राह्यली," असं वहिनी म्हणाल्या की मूर्ती पूर्ण. "अर्ध्यात सोडलं मले," म्हणाल्या की डोळे पुसून पुन्हा आखायचे. लग्न झाल्यापासून हीच पद्धत.

यंदा घटस्थापना तोंडावर आली तरी अंगणातल्या सगळ्या देवी बिनडोळ्यांच्या. दुर्गा मंडळाचा अध्यक्ष गजू चकरा मारून कावला.

"भाऊ, आखनी काहून नाही केली?"

"माती ओली हाय."

गजूनं टिचकी मारली. मूर्ती खणखणीत वाजली. रंग चढलेल्या मूर्तीची माती ओली कशी, हे तो विचारणार, तेवढ्यात भाऊंनी त्याच्या हातात गोळा ठेवला.

मलाही राग आला. वहिनी दवाखान्याच्या कामानं मुलीकडे यवतमाळला गेल्या होत्या हे खरं, पण त्यासाठी आख्ख्या गावाला टांगून ठेवायचं? "तुम्ही आखा," मी म्हटलं, "नळापर्यंत मी चालतो."

भाऊंनी हातातली माती खाली ठेवली. "तिले एकाच डोयानं दिसत होतं, गुरुजी. आपरेशन त्याच डोयाचं झालं. पट्टी सुटली, पन पोरगी म्हन्ते अजून धुकंच हाय. म्या आखनी केली अन् तिले दिसलंच नाही, तं?"

मी आपला गुडघ्याचं काही दुखणं असेल असं समजून चाललो होतो. गोळा मळत बसलो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला, आईला घेऊन येते म्हणून. दिसतं का, हे विचारायची भाऊंची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकाच देवीचे डोळे आखले आणि मला बोलावून घेतलं. एकट्यानं थांबवत नव्हतं त्यांना.

ऑटो थांबला. काळा चष्मा लावलेल्या वहिनी मुलीचा हात धरून उतरल्या.

"चाल तं जरा," भाऊ म्हणाले.

वहिनींनी मुलीचा हात सोडला. फाटकापासून सावकाश निघाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. भाऊंनी डोळेच मिटून घेतले.

"देवी बराबर येऊन राह्यली," वहिनी म्हणाल्या. "पन तुमच्या शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या हायेत. जेवत तरी होते का?"

भाऊ मान खाली घालून गुंड्या सोडायला लागले, पण बोटांना काही जमेना. शेवटी वहिनींनीच त्या नीट लावून दिल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच गजूला फोन लावून सांगितलं, आज सगळे डोळे आखून होतील.

भाऊंनी वहिनींना खुर्चीवर बसवलं. सवयीनं मातीचा गोळा उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मग हात धुऊन चहा टाकायला आत गेले.