गल्ली पाहण्याचा कार्यक्रम

या शहरात घर बदलायचं असेल तर माणूस वस्ती पाहायला जात नाही, वस्तीलाच आणून माणसासमोर बसवतात. कार्यक्रम दर मंगळवारी प्रभाग कार्यालयाच्या मागच्या दालनात होतो. वस्तीने आपली गटारं दाराबाहेर काढून ठेवायची, आत येऊन बाकावर बसायचं, समोर येतील ते पोहे खायचे आणि विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. एका अर्जदाराला तीन वस्त्या दाखवतात. तिन्ही नापसंत झाल्या तर नंबर जातो आणि माणूस आहे तिथेच राहतो.

सिद्रामच्या अक्काने अर्ज केला त्याला तीन वर्षं झाली होती. नंबर लागला तेव्हा अक्काला जाऊन बावीस दिवस झाले होते.

"अर्जदार?" उपळेकरबाईंनी रजिस्टरातून मान वर न करता विचारलं.

"मी भाऊ तिचा."

"त्या कुठे आहेत?"

"वारली."

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी त्यासाठीचा रकाना शोधला. "प्रश्न त्यांचेच लागतील. तुम्ही फक्त वाचायचे. स्वतःचा एकच विचारता येईल, शेवटी."

सिद्रामने खिशातून अक्काची वही काढली. तो सहावीतून उठलेला, पंक्चरच्या दुकानात कामाला. अक्षरावर बोट ठेवल्याशिवाय त्याला वाचता येत नसे. पण आज वाचायचं होतं कुणाला? अक्काला न्यायला आलेली दवाखान्याची गाडी गल्लीच्या वळणावर अडली, ती आत आलीच नाही. त्या गल्लीत आता एक दिवसही जास्त काढायचा नाही, समोर पहिली जी येईल तिला हो म्हणायचं, हे त्याने येतानाच ठरवलं होतं.

पहिली नंदिनी वसाहत आली. रुंद, झाडं लावलेली, नुकतीच झाडलेली. तिच्यासाठी दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्या लागल्या.

"पसंत," सिद्राम उठून म्हणाला.

"बसा. आधी चालून दाखवू दे."

वसाहत चालली. कुठे लंगडली नाही, कुठे अडखळली नाही. सिद्रामने नाइलाजाने वहीवर बोट ठेवलं.

"विरजण संपलं तर कुणाकडे मागायचं?"

"कोपऱ्यावर दुकान आहे," वसाहत नम्रपणे म्हणाली. "दही चांगलं मिळतं."

"दही नाही, विरजण."

वसाहतीने पोह्यांकडे पाहिलं.

"घरात कुणी मोठ्यानं रडलं तर कोण येतं?"

"पहारेकरी येतो. आवाज कमी करा म्हणतो. पण फार सभ्यपणे म्हणतो."

"चालतंय," सिद्राम म्हणाला. "कुठं सही करू?"

"तिन्ही पाहिल्याशिवाय सही होत नाही."

दुसरीने दोन्ही प्रश्नांना छापील माहितीपत्रक पुढे केलं. तिसरी मात्र दाराच्या एकाच फळीतून आत आली, तेही अंग तिरकं न करता. ती सिद्रामची स्वतःची गल्ली होती.

"हिला कुणी बोलावलं?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या. "सोडायची ती शेवटी पाहायची."

"चाल. चालून दाखव यांना."

गल्ली चालली. वळणावर अडखळली.

"बघा! बघा बाई, इथंच! इथंच अडली गाडी!"

बाईंनी 'वळणात दोष' असं लिहिलं. "प्रश्न वाचा."

"विरजण?" सिद्रामने वही न बघताच फेकल्यासारखं विचारलं.

"समोरच्या तायव्वाकडे. तुमची वाटी अजून तिच्याकडेच आहे."

"रडलं तर कोण येतं? कुणी आलं नाही."

"दार तू आतून लावलं होतंस. सगळे पायरीवर बसून होते."

सिद्रामने घाईने पान उलटलं. शेवटचा प्रश्न त्याने याआधी वाचलेला नव्हता. मी पहाटेच्या पाळीला यंत्रमागावर गेल्यावर... इथवर बोट नीट सरकलं. पुढे त्याचंच नाव होतं. तिथे ते थांबलं.

"वाचा," बाई म्हणाल्या. "नोंद करायची आहे."

"...सिद्रामला कोण उठवेल?"

"बावीस दिवस कोण उठवतंय?" गल्लीने विचारलं.

"कुणी नाही. माझा मी उठतो. ती तायव्वा पहाटे खिडकीखालच्या नळावर घागर आपटते, झोपमोड होते, म्हणून."

गल्लीने पोह्यांचा एक घास घेतला.

"तिच्या तर घरात नळ आहे," सिद्राम वही मिटत म्हणाला.

बाईंनी पान उलटलं. "आता तुमचा प्रश्न."

"गाडी आत का नाही घेतलीस?"

"मावली नाही. म्हणून खाट नेली, चौदा दारांनी हातोहात. तू पुढं पळत होतास, गाडीवाल्याला हाका मारत. मागं बघितलं नाहीस."

"उशीर झाला."

"झाला," गल्ली म्हणाली.

नियमाप्रमाणे बाईंनी गल्लीलाही विचारलं, "मुलगा पसंत आहे?"

"डोकं गरम आहे. शिकलेला नाही. एका घागरीत उठतही नाही, तीन आपटाव्या लागतात." तिने बशी खाली ठेवली. "पसंत आहे."

सिद्रामने पेन उचललं आणि परत ठेवलं. "माझी अट आहे. वळणावर जागा पाहिजे."

"किती?" बाईंनी विचारलं.

त्याने दोन्ही हात ताणून पसरले. "एवढी."

"दुधाळांचा ओटा जाईल," गल्ली म्हणाली. "विचारावं लागेल."

"मग विचार."

बाईंनी 'अर्जदाराच्या भावाचे दोन्ही हात' असं माप लिहून घेतलं. सिद्रामने अक्काच्या नावापुढे सही केली, एकेक अक्षर सुटं.

बाहेर तीन वस्त्यांची गटारं ओळीने ठेवलेली होती. गल्लीने त्यातलं आपलं ओळखून उचललं. दोघं चालत निघाली. दुधाळांच्या घरापाशी गल्ली क्षणभर थांबली, आत काहीतरी बोलून आली. मग वळणावर तिने अंग चोरलं.

सिद्राम मधोमध उभा राहिला आणि त्याने हात पसरले. डावा हात मोकळा राहिला. उजव्या हाताची बोटं भिंतीला लागली.

"अजून," तो म्हणाला.

गल्लीने श्वास आत ओढून धरला.