पदर आत घ्या

आमच्या शेजारच्या गौतमतात्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूच्या सीटवर कुणीही बसो, चावी फिरवण्याआधी तात्या म्हणणारच, "पदर आत घ्या." एकदा मिशीवाले फौजदार बसले, त्यांनाही सुटका नाही. फौजदारांनी बिचाऱ्यांनी कमरेचा पट्टा चाचपला!

तात्या एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सगळ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही. आणि त्यांची स्वतःची गाडी नांदूरघाटच्या बाजारात नुसती उभी असताना, तात्या भजी खात असताना, उसाची ट्रॉली मागं येता येता डाव्या दारात घुसली! तात्यांना राग दाराचा नव्हता. "मी आत असतो तर घुसली असती का बे?" एवढंच ते गल्लीभर विचारत फिरले.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे गल्लीतलं कुठलंही ऑफिसचं काम माझ्याकडे येतं आणि खरं सांगतो, मला ते आवडतं. फोटो काढले, विम्याचा क्लेम टाकला, कंपनीच्या सर्व्हेअरला सलीमभाईंच्या गॅरेजवर बोलावलं. साहेब तपासायला गाडीत बसले.

"पदर आत घ्या."

साहेबांनी आधी स्वतःकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पण माणूस भला. म्हणाले, "दार नवीन टाका. पूर्ण खर्च कंपनीचा."

मी उडालोच! "तात्या, पेढे काढा!"

"जुनं दार मला मिळंल का, साहेब?"

"नाही. काढलेला माल कंपनी घेते."

"मग ऱ्हाऊ द्या. हेच ठोकून द्या."

"अहो, कोरं दार फुकट मिळतंय! कावून नको?"

"ए बी.ए., हिकडं ये." तात्या दाराजवळ उकिडवे बसले आणि खालच्या काठावरून अंगठा फिरवला. "हितला रंग गेलाय बघ. तुझ्या काकूचा पदर. दर खेपंला दारात अडकायचा. मी वरडायचो, ती हसायची."

काकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या.

सलीमभाईंनी दार लावलं. ते आपसूक उघडलं. "तात्या, कितीबी ठोकलं तरी लॉक धरणार नाही. वळणावर बाजूचं माणूस बाहेर पडंल."

तात्यांनी त्या काठावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "बसलेलं माणूस पडू नये. बदल बाबा."

नवं दार बसलं. गाडी आणायला मीच गेलो होतो सोबत. बाजूला बसलो, दार ओढलं. पहिल्याच झटक्यात लागलं, आवाजसुद्धा नाही. तात्यांनी चावी फिरवली. काही बोलले नाहीत.

माझ्या अंगात जीन्स आणि टी-शर्ट. तरी मी दार परत उघडलं.

"थांबा तात्या. पदर अडकला."

तात्या समोर रस्त्याकडेच बघत होते.

"किती बारी सांगायचं गं," ते म्हणाले, आणि मी दार लावेपर्यंत थांबले.