कर्नलचं मॉड्यूल आणि बायकोचा इंटरव्ह्यू

ज्या दिवशी बायकोचा इंटरव्ह्यू असतो, त्या दिवशी शहाण्या माणसाने घरातल्या कुठल्याही यंत्राला हात लावू नये. हे मला आता कळलंय. त्या दिवशी सकाळी पावणेदहाला मात्र हात लावायला याच्याइतका योग्य दिवस नाही, असंच माझं मत होतं.

इंटरव्ह्यू अकराला, घरूनच, लॅपटॉपवर. मुलीच्या जन्मानंतर हिने नोकरी सोडली, त्याला सोळा वर्षं झाली. तीन महिने अर्ज करत होती. सात कंपन्यांनी उत्तरही दिलं नाही, आठवीने बोलावलं. तिथल्या मदत विभागात काम होतं. ग्राहकाचं काही अडलं, की फोनवर त्याला वाट दाखवायची. सकाळपासून ही इस्त्रीचे कपडे घालून, आरशासमोर बसून स्वतःलाच प्रश्न विचारत होती आणि स्वतःच्याच उत्तरांवर नाक मुरडत होती.

आता आमच्या घरातल्या इंटरनेटबद्दल सांगितलं पाहिजे. दुकानातून डबा आणून भिंतीला टांगणारे लोक वेगळे. मी आवक-जावक कारकून. आत काय आलं नि बाहेर काय गेलं, हे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून ऑफिसने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यावर युनिक्सच्या घराण्यातली एक सिस्टिम बसवली (एक जाड पुस्तक, तीन रविवार आणि बायकोचा अबोला एवढं खर्ची पडलं) आणि तो स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवला. घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातून येतं-जातं. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. त्याला काय सांगायचं ते मी खालून, माझ्या लॅपटॉपवरून, नेटवर्कमधूनच सांगतो.

त्याची एकच खोड होती. वीज जाऊन आली, की यंत्र उठायचं, पण फायरवॉल झोपलेलीच. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. तिचं मॉड्यूल, म्हणजे तिचा सुटा भाग, सिस्टिमच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्यात, दर वेळी मला हाताने चढवावं लागे. त्याच आज्ञेत नियमांची यादीही तिच्या हातात द्यायची. मग कुठे घरात इंटरनेट यायचं.

मी विचार केला, इंटरव्ह्यूच्या मध्येच वीज गेली आणि आली तर? यंत्र सुरू होतानाच मॉड्यूल आपोआप चढलं पाहिजे. त्यासाठी एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची.

"अहो, आज नको," ही आरशातूनच म्हणाली.

"अगं, एकच ओळ आहे."

"मागे नळाचा एकच वायसर होता."

(तो विषय वेगळा. आणि खालच्यांचं छत नंतर वाळलं.)

मी ओळ लिहिली. शेवटी मोठ्या अक्षरांत YES लिहिलं. खात्री करायला यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. माळ्यावर हिरवा दिवा लागला. मी लॅपटॉपवरून त्याला हाक मारली.

उत्तर नाही.

पुन्हा मारली. पुन्हा नाही. मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा, नेट गेलं!" मी मोबाइल काढला. आमच्या घराच्या भिंती इतक्या जाड, की रेंज फक्त बाथरूमच्या खिडकीत मिळते, तीही एक काडी. बादलीवर उभं राहून मी मदतीचं पान उघडत होतो आणि ते ओळीओळीने उतरत होतं. चौथी ओळ उतरली. तिथे लिहिलं होतं, की ही फायरवॉल सुरू झाली आणि तिला नियम दिलेले नसले, तर ती कोणालाही आत सोडत नाही आणि कोणालाही बाहेर जाऊ देत नाही.

नियम वाचायला लावणारी ओळ दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची होती. ती लिहायला मी यंत्राशी बोलायला हवं होतं. आणि यंत्र कोणालाही आत सोडत नव्हतं. मलासुद्धा.

हॉलमध्ये आलो तर सासरे टीव्ही बघत बसलेले. एका कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. आवाज अजून फाटकावरचाच.

"जावईबापू, चेहरा का असा?"

"कर्नलमध्ये गडबड झालीय."

सासरे ताठ बसले. "कर्नल? कुठल्या पलटणीचे?"

"नाही हो, आपल्या माळ्यावरचा."

"माळ्यावर कर्नल आहेत?" त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आणि मला कोणी सांगितलं नाही? त्यांना चहा तरी दिलात का?"

मी घाईघाईने सगळं समजावलं. ते ऐकून घेत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची ओळखीची निराशा पसरत गेली. "म्हणजे पहारेकरी नेमला, पण कोणाला सोडायचं ते सांगितलंच नाही. मग तो सगळ्यांना अडवणारच. मी असतो तर मीही अडवलं असतं. त्याचं काहीच चुकलं नाही." मग थांबून म्हणाले, "पोरीला सांगितलंत?"

सांगायची गरज पडली नाही. ही दारातच उभी होती. साडेदहा वाजले होते. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिने फक्त लॅपटॉपकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि हळूच म्हणाली, "सोळा वर्षांनी बोलावलंय हो."

दुसऱ्या मिनिटाला तिने लॅपटॉप उचलला, चपला घातल्या आणि तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात गेली. त्यांच्याकडे दुकानातला डबा आहे.

मी मात्र हार मानणार नव्हतो. (इथे मी गप्प बसलो असतो, तर गोष्ट निम्म्यात संपली असती.) तिकडचं नेट मध्येच गेलं तर? स्टुलावर चढून माळ्यावरून यंत्र उतरवलं. सोबत जळमटं आणि एक जुनी चाळणी डोक्यावर उतरली. पडदा म्हणून टीव्हीला वायर जोडली आणि कपाटातला जुना कीबोर्ड शोधून लावला. टीव्हीवर पांढरी अक्षरं उमटली. फायरवॉल नेटवर्क अडवते, समोर बसलेल्याला नाही. जीव भांड्यात पडला.

मी दुसरी फाइल उघडली, ओळ टाइप केली आणि शेवटी YES लिहायला गेलो. कीबोर्डावर वायची कळच नव्हती. नुसता खड्डा.

"मग नो लिहा," सासरे म्हणाले.

अकरा वाजून दहा मिनिटं. खड्ड्यात पेन्सिलीचं टोक खुपसलं तर YYYYYYYYES झालं. पुसलं. पुन्हा खुपसलं. आठव्या खेपेला एकच वाय आला. यंत्र बंद करून सुरू केलं. ते उठलं, मॉड्यूल चढलं, नियम वाचले गेले आणि आतून मुलगी ओरडली, "आलं नेट!"

मी धावत सुटलो. जिना कसा उतरलो आठवत नाही. अंगभर जळमटं, हातात पेन्सिल, पायात एकच चप्पल. दवाखान्याचं दार ढकललं आणि ओरडलो, "झालं! चालू झालं! मी एकच ओळ टाकली होती, त्याने सगळंच बंद केलं, माझी काही चूक नाही, पण वायच नव्हता हो!"

कोपऱ्यात ही लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर दोन बायका आणि एक गृहस्थ डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होते. आतल्या खुर्चीवरच्या पेशंटनेही आ वासलेला, पण तो आधीपासूनच.

सोळा वर्षांनी आलेली संधी मी एका पायात चप्पल घालून बुडवली होती.

हिने खुर्ची अर्धी वळवली. आवाज इतका शांत, की मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला किती त्रास झालाय ते मला कळतंय. आधी बसा. आता सावकाश सांगा, सगळ्यात आधी तुम्ही काय केलंत?"

मी बसलो आणि शहाण्यासारखं सगळं सांगितलं. तिने तीन प्रश्न विचारले, चूक माझ्याच तोंडून वदवून घेतली आणि "कळवल्याबद्दल आभारी आहोत" म्हणून मला दाराबाहेर काढलं.

चार दिवसांनी पत्र आलं. नोकरी मिळाली. सासऱ्यांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं, ही रडली, मुलगी नाचली. पत्राखाली आणखी दोन ओळी होत्या. 'प्रात्यक्षिकासाठी आपण आणलेल्या नटाने घाबरलेल्या ग्राहकाचं काम अत्यंत नैसर्गिक केलं. नव्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी ते दर महिन्याला येऊ शकतील का?'

खरं सांगतो, माझी छाती फुगली. आपल्यात काहीतरी आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं.

"येईन की," मी म्हणालो. "संवाद पाठ करावे लागतील का गं?"

"छे," ही डोळे पुसत म्हणाली, "तिथे तुमच्यासमोर एक चांगला चालणारा कॉम्प्युटर ठेवतील. तुम्ही फक्त तो सुधारायला घ्यायचा."