एक घंटी थांबा, दोन घंट्या चला

ज्या वर्षी धाकट्या लेकीनं दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं, त्याच वर्षी ड्रायव्हरकाका बसच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि काकू सायकल चालवायला शिकल्या. लग्न सुरळीत पार पडलं, निवृत्तीही पार पडली. सायकलीनं मात्र काकूंना बऱ्याचदा पाडलं आणि काकांना एकदा, तेही ते नुसते बाजूला उभे असताना.

काकूंनी हा खटाटोप एकाच गोष्टीसाठी केला होता. त्यांना समुद्रात पाय बुडवायचे होते. काकांनी अख्खा जन्म समुद्राच्या स्टॉपपर्यंत बस नेली आणि घरात समुद्राचा थेंब आला नाही. सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसायचं म्हटलं की काकांच्या कपाळाला आठी पडायची. "त्यात काय बघायचंय? पाणीच ते. नळाला येतं तेच, जरा जास्त." मग काकूंनी बसचा नाद सोडला आणि सायकल धरली.

नवा जावई सायकलवेडा होता. त्याला हे कळलं आणि तो हरखलाच. येत्या रविवारी तिघांनी जायचं ठरलं. घरामागच्या पायवाटेनं निघायचं, कालव्याच्या काठाकाठानं मिठागरांपर्यंत, मग पूल ओलांडून समुद्र, आणि परत येताना टेकडीचा रस्ता.

"फक्त एक सांगतो, आई," जावई म्हणाला. "दहाच्या आत पोचायला हवं. तिथला किनारा अगदी उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी पार लांब जातं. मग नुसता चिखल."

"गाडी वेळेवर पोचेल," काका म्हणाले. "माझी गाडी कधी लेट झालेली नाही."

"आपल्या लग्नाला झाली होती," काकू म्हणाल्या.

रविवारी पहाटे जावई पिवळेजर्द, अंगाला घट्ट चिकटलेले कपडे घालून दारात उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "जावईबापू, यावर काहीतरी घालणार आहात ना?"

"हेच घालतात, बाबा. वारा लागत नाही."

"लोक मागे लागतील त्याचं काय?"

निघायच्या आधी काकांनी नियम सांगितला. जावई पुढे रस्ता दाखवणार, मध्ये काका, मागे काकू. "अगं, नीट ऐक. आता तू माझी कंडक्टर. एक घंटी दिलीस की मी थांबणार. दोन दिल्यास की निघणार. दोन घंट्या आल्याशिवाय गाडी हलत नाही. उगाच मागून हाका मारायच्या नाहीत."

काकूंनी मान डोलावली. नवऱ्याला बोटाच्या टोकावर थांबवता येतं हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

कालव्यापर्यंत सगळं छान चाललं. पाण्यावर धुकं होतं, बदकं काठावर झोपली होती. इतक्यात मागून ट्रिंग झालं. काकांनी कच्चकन ब्रेक दाबला. काकू काकांवर आदळल्या आणि काकूंवर आणखी कुणीतरी आदळलं. तो बेकरीवाला होता. त्याच्या सायकलीच्या मागं पावांची मोठी टोपली होती.

"कोण उतरतंय?" काकांनी वळून विचारलं.

"उतरतंय कशाला? मला पुढं जायचंय!"

"मग एक घंटी का दिली?"

"वाट मागायला! घंटी असते कशाला?"

"एक घंटी म्हणजे थांबा," काका शांतपणे म्हणाले. "आता दोन द्या, म्हणजे गाडी निघेल."

बेकरीवाल्यानं काकूंकडे पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, "द्या हो. त्याशिवाय ते हलायचे नाहीत. आमचं सगळं आयुष्य असंच चाललंय." बेकरीवाल्यानं दोनदा घंटी वाजवली. काका निघाले. वाट अरुंद, त्यामुळे बेकरीवाला मागेच राहिला.

पुढं वळणावर बँकेतली काही मंडळी सुट्टीची सहल म्हणून सायकली काढून आली होती. त्यांनी एका रांगेत शिस्तीत चाललेले तिघंचौघं पाहिले, वाटलं की काहीतरी ठरवून काढलेली फेरी आहे, आणि आपणही त्यात शिरले. त्यांच्यातल्या कॅशियरबाईंनी हौसेनं घंटी वाजवली. काका थांबले. सगळे थांबले. थोडे पडलेही.

"काय झालं?"

"स्टॉप आलाय म्हणे."

"कसला स्टॉप?"

"कोण जाणे. उतरू या का?"

काकूंनी दोन घंट्या दिल्या. रांग निघाली. बँकवाल्यांना खेळ कळला आणि मग काय, माकडाच्या हाती कोलीत. कुणाला पाणी प्यायचं असलं की ट्रिंग. कुणाला बगळा दिसला की ट्रिंग. काका दर वेळी इमानदारीनं थांबत आणि मागं बघून म्हणत, "सावकाश उतरा. घाई करू नका." नोकरी सुटल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

जावई बिचारा दर वेळी पुढं निघून जाई आणि मागं कुणी नाही हे कळलं की परत येई. त्यानं समुद्राचं अंतर दुप्पट कापलं असेल. "बाबा, ओहोटी!" तो ओरडला आणि लक्ष वेधायला त्यानंही घंटी वाजवली. एकदाच. काका थांबले.

मिठागरं मागं पडली, पूल आला. पुलाच्या मधोमध बेकरीवाल्याची टोपली घसरली. त्यानं घाबरून घंटी वाजवली, रांग जागीच उभी राहिली आणि समोरून गवताचा ट्रक आला. ट्रकवाला खाली उतरला. "मोर्चा कुणाचा?"

"मोर्चा नाही," काकू म्हणाल्या. "मला समुद्र बघायचाय."

"एवढे सगळे घेऊन?"

"हे वाटेत मिळाले."

ट्रकवाला ट्रक मागं घेणार तर त्याच्यामागं आणखी गाड्या. पाव गोळा झाले, सायकली एकेक करून ट्रकच्या कडेनं काढल्या, आणि रांग किनाऱ्यावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

समोर समुद्र नव्हता. करडा, चकचकीत चिखल होता आणि त्याच्या पार पलीकडे एक बारीक रुपेरी रेघ.

बँकवाले आपापल्या बुटांकडे बघू लागले. काकूंनी सायकल उभी केली आणि पदरानं तिचं हँडल पुसलं, उगाचच.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "लांबून दिसतोय की. तेवढं पुरे झालं."

काकांनी रेघेकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग खाली बसून त्यांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"चल."

"अहो, कुठं?"

"शेवटच्या स्टॉपला. हा शेवटचा स्टॉप नव्हे. प्रवाशाला अलीकडेच उतरवून गाडी फिरवायची, असले धंदे मी कधी केले नाहीत."

दोघं हात धरून चिखलात उतरले. दहा पावलांत काका गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांना ओढायला जावई धावला आणि पिवळ्या कपड्यांसकट बसकण मारून बसला. त्याला उठवायला कॅशियरबाई आल्या, त्यांना धरायला बेकरीवाला आला. शेवटी सगळी वरात एकमेकांचे हात धरून, पडत, हसत, लटपटत निघाली. दातांचा डॉक्टर ओळखू येईनासा झाला. "आता कसं," काका त्याला म्हणाले, "अंगभर कपडे दिसतात."

आणि मग पायाला गार पाणी लागलं. पहिली लाट आली तशी काकू किंचाळल्या. "अगंबाई! अहो, हा पायाखालची वाळू ओढतोय!" आणि लहान मुलीसारख्या दोन्ही पायांनी उड्या मारू लागल्या.

काका मात्र कपाळावर हात आडवा धरून क्षितिज या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते.

"काय झालं हो?"

"एवढा मोठा आहे?" काका म्हणाले.

"म्हणजे? तुम्ही रोज येत होतात ना इथं?"

"स्टॉप भिंतीकडे तोंड करून होता. गाडी लावायची, चहा प्यायचा, निघायचं. समुद्र मागच्या अंगाला." त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "आरशात दिसायचा थोडासा."

काकूंनी ओंजळभर पाणी काकांच्या तोंडावर मारलं.

बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "अहो, चला आता. लेक वाट बघत असेल."

"थांब गं. एक लाट येऊ दे."

"आत्ता आली की."

"ती लहान होती."

जावयानं सांगून पाहिलं, बेकरीवाल्यानं उरलेले पाव वाटले, बँकवाले निरोप घेऊन गेले. काका हलेनात. दुपार कलली, भरती सुरू झाली, तेव्हा कुठं ते निघाले, पण समुद्राकडे पाठ करायला तयार होईनात. तोंड पाण्याकडे ठेवून एकेक पाऊल मागं सरकू लागले. काकू किनाऱ्याच्या बाजूला उभ्या राहून हातानं दाखवत होत्या, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे, खड्डा आहे... येऊ द्या..."

त्यानंतर दर महिन्याला एका रविवारी ते दोघं सायकलनं समुद्रावर जात राहिले. सहा वर्षांनी मार्च महिन्यात, सोमवारी सकाळी, ड्रायव्हरकाका वारले. आदल्या दिवशी ते जाऊन आले होते.