खाली गेलेली जमीन

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता कळंबे आबा त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामधलं अंतर मोजतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दात घासत होतो. "काय झालं, आबा?" म्हणून विचारलं, तर फितीवरची नजर न काढता म्हणाले, "अजून तरी काय नाय."

ते 'अजून तरी' माझ्या बायकोला फार लागलं.

आबांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत हद्दीचे दगड गुपचूप सरकवणारे भाऊबंद त्यांनी इतके पाहिले, की दूधवाल्याचं माप, एसटीचं वेळापत्रक, भिंतीवरचं घड्याळ, कशावरच त्यांचा विश्वास उरला नाही. काहीही सांगा, "कागद हाय?" हा प्रश्न ठरलेला. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला गेलो, तेव्हाही हेच. मी पत्रिका दाखवली, मग त्यांनी अभिनंदन केलं. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, त्यामुळे संशय घ्यायला आम्हीच जवळ.

मी शाळेत भूगोल शिकवतो. एकदा त्यांच्या ओटीवर चहा पिताना सहज बोलून गेलो, की आपण बसलोय ती जमीन म्हणजे एक प्रचंड प्लेट आहे आणि ती दरवर्षी चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते.

आबांनी कप खाली ठेवला. "कोणाच्या परवानगीनं?"

मी पुढे सांगितलं, की दोन प्लेटा भिडतात तिथे कधीकधी समुद्राखालची प्लेट दुसरीच्या खाली शिरते.

"म्हंजे अतिक्रमण. आणि खाली गेलेली जमीन कुठं जाते?"

"वितळते. संपते." मला शाळेची घाई होती.

"संपते?" बांध कोरताना मला रंगेहाथ पकडल्यासारखं त्यांनी पाहिलं. "जमीन संपत नाय, गुरुजी. हद्द बदलते, नाव बदलतं. जमीन असते कुठंतरी."

तेव्हापासून माझी चौकशी लागली. माझी पुस्तकं ते मागून नेत आणि ती परत येत तेव्हा पानापानावर पेन्सिलीनं 'पुरावा?' असं लिहिलेलं असे. त्यातच दर रविवारी पिशवी घेऊन पोलादपूरची गाडी धरू लागले. कशाला, म्हटलं तर "काम हाय," एवढंच.

"एजंट झालेत," बायको म्हणाली. "कुणासाठी तरी डोंगरात जमीन बघतायत." मी तिला गप्प केलं खरं, पण मलाही तोच वास येत होता.

मग कॉलेजात पुण्याहून भूगर्भशास्त्राच्या एक प्राध्यापक बाई व्याख्यानाला आल्या. आबा पहिल्या रांगेत. प्रश्नोत्तरं सुरू होताच उभे राहिले.

"खाली गेलेली प्लेट वितळते का? हे गुरुजी तसं म्हणतात."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

"अशी सहज नाही वितळत," बाई म्हणाल्या. "ती थंड असते. तिच्यातलं पाणी सुटतं, त्यानं वरचा तापलेला खडक थोडा वितळतो, त्यातून ज्वालामुखी होतात. पण ती स्वतः कोट्यवधी वर्षं उतरत राहते. काही प्लेटा सहाशे-सातशे किलोमीटर खोलीवर आडव्या पसरतात, काही पार गाभ्याच्या काठापर्यंत पोचतात."

"कोणी बघितलं?"

"भूकंपाच्या लहरींवरून कळतं. थंड खडकातून त्या जास्त वेगानं जातात."

"म्हंजे मोजलंय."

"मोजलंय, काका."

आबा खाली बसले. आता घरापर्यंत टोमणे ऐकायचे, या तयारीनं मी दाराशी थांबलो. पण ते बाहेर येईनात. आत डोकावलो, तर बाई वायरी गुंडाळत होत्या आणि आबा समोर टोपी हातात घेऊन उभे.

"बाय, दरडीखाली गेलेलं पण असंच ऱ्हातं का?"

"काय होतं तिथे?"

"आमचं लेकरू. बांधाच्या कडंला पुरलेलं. चाळीस वर्षं झाली. आंब्यापासून अकरा पावलं, मीच मोजलेली. मग दरड आली. आता आंबा नाय, बांध नाय. दर आयतवारी जातो. जागा लागत नाय."

बाईंनी वायर खाली ठेवली. "नेमकं कुठे ते मला नाही सांगता येणार, काका. पण घसरलेली माती उताराच्या पायथ्याशी साचते. तिथेच कुठेतरी असेल."

मी मागच्या मागे बाहेर सरकलो. त्यांना एजंट समजल्याची मला लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी मी स्कूटर काढली. "तुमी कशाला?" म्हणून आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण बसले.

पोलादपूरच्या वर त्यांच्या मूळ वाडीखाली दरडीच्या मातीवर आता गवत आलं होतं. आबांनी चपला काढल्या. मीही काढल्या. मग मी लेकराचं नाव विचारलं.

"आठ दिवसांची होती. बारसं व्हायचं ऱ्हायलं." त्यांनी वाकून गवतावर हात ठेवला. "मी मनात सुमन म्हणायचो. आमच्या हिला पण कधी सांगितलं नाय."