दहाने भागलेली बिअर

सिवर्टने शेत मुलाच्या नावावर केलं, गायी केल्या, ट्रॅक्टर केला, आणि बायकोला घेऊन तो व्हॉस गावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आला. एकच गोष्ट मात्र त्याने मुलाला दिली नाही. बिअरचं विरजण. पणजोबांपासून चालत आलेलं ते यीस्ट वाळवून, कागदात गुंडाळून त्याने फ्रीजरमध्ये गोठवलेल्या माशांच्या शेजारी ठेवलं होतं, आणि मासे काढायचे असले तरी त्या पुडीला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

नोव्हेंबरात मुलाचा, हेल्गेचा, फोन आला. "बाबा, येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आपल्या पिल्लाचं बारसं. चर्चमधून सगळे इकडेच येतील. तुम्ही काही काळजी करू नका, बिअर ओडमुंडमामा देतोय."

सिवर्टच्या काट्याला टोचलेला बटाटा हवेतच राहिला. "ओडमुंड का देतोय?"

"मग कोण देणार? बिअर करायचं चूलघर आता पाहुण्यांना भाड्याने देतो ना आपण. मोठी कढई काढली, तिथे डबल बेड टाकलाय."

"कढईच्या जागी बेड?"

"लोकांना आवडतं, बाबा. जुन्या धुराचा वास येतो म्हणतात."

ओडमुंड म्हणजे सिवर्टचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या बिअरमध्ये वाईट असं काहीच नव्हतं, आणि सिवर्टचं दुखणं नेमकं तेच होतं. या खोऱ्यात बारशाला घरची बिअर नसेल तर पोर चर्चमधून नुसतंच डोकं भिजवून आलं असं समजतात. सिवर्टच्या बारशाला त्याच्या आजोबांची बिअर होती, हेल्गेच्या बारशाला सिवर्टची होती. आणि आता नातीच्या बारशाला मेहुण्याची? उद्या लोक म्हणणार, सिवर्ट फ्लॅटमध्ये गेला आणि संपला.

"माझ्या नातीचं बारसं ओडमुंडच्या बिअरवर होणार नाही," त्याने फोन ठेवून जाहीर केलं.

"बरं," त्याची बायको गुनवोर म्हणाली. ती नातीसाठी लोकरीची टोपी विणत होती. "मग तू कुठे करणार? बाथरूममध्ये?"

"स्वयंपाकघरात. कढई दीडशे लिटरची होती. आपलं मोठं पातेलं पंधराचं. सगळं दहाने भागायचं. पहिला पेला प्रत्येकाच्या हातात माझा गेला पाहिजे. पुढे काय वाटेल ते पिऊ देत."

हे बोलायला सोपं होतं. पण सिवर्टच्या घराण्यात कुणी कधी वजनकाटा वापरलेला नव्हता. कढईला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दोन पोती, तर पातेल्याला एक बादली, इथवर ठीक. ज्युनिपरच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या मात्र 'दोन्ही हातांच्या कवेत मावतील तेवढ्या' असा हिशोब होता.

"दोन हातांना बोटं दहा," सिवर्ट विचार करत म्हणाला. "म्हणजे एका बोटाला जेवढी मिठी मारता येईल तेवढी."

"एक बोट मिठी कशी मारतं रे?"

त्याने मारून दाखवली. तर्जनीच्या आकड्यात एक काडी मावली. हॉप्सच्या कडू फुलांचं माप होतं बापाची टोपी. सिवर्टने घरभर नजर फिरवली आणि गुनवोरच्या सुयांवरून नुकतीच उतरलेली नातीची टोपी उचलली.

"खबरदार!"

"बरोब्बर दहावा हिस्सा आहे बघ. डोकं मोजून घेतलंयस का तू?"

"सिवर्ट, पोरगी चर्चमध्ये दारूच्या गुत्त्यासारखी वास मारेल!"

"आपल्या घरचीच वाटेल," असं म्हणून सिवर्टने टोपी हॉप्सने शिगोशीग भरली आणि पातेल्यावर झटकली.

मग उकळायची वेळ आली. त्यांच्याकडे बिअर चार तास उकळतात. आजोबांनी चार तास उकळली, बापाने चार तास उकळली, सिवर्टने जन्मभर चार तास उकळली. गुनवोरने घड्याळाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

"एवढ्याशा पातेल्यात चार तास? सगळं दहाने भागलंस, मग वेळही भाग की."

"वेळेला भागत नसतात," सिवर्ट तिला लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला. "देव सगळ्यांना तास सारखाच देतो, पातेलं बघून नाही देत."

या वाक्यावर तो इतका खूश झाला की त्याने ते स्वतःशीच आणखी एकदा म्हटलं. गुनवोरने वाद घातला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठे बोलायचं आणि कुठे खुर्ची ओढून मजा बघायची हे बाईला कळतं.

तिसऱ्या तासाला स्वयंपाकघरात एकमेकांची तोंडं दिसेनात. खिडक्यांवरून ओघळ वाहू लागले. वाफ दाराच्या फटीतून जिन्यात गेली, जिन्यातून छताला लागली, आणि इमारतीची धोक्याची घंटा अशी काही बोंबलली की सगळे जण कोट शोधत खाली अंगणात धावले.

अंगणात बर्फ भुरभुरत होता. या इमारतीत राहणारे बहुतेक सगळे सिवर्टसारखेच, शेत पोरांना देऊन गावात आलेले म्हातारे. ते चपला घालून, कुडकुडत, आपापली औषधांची पिशवी छातीशी धरून उभे राहिले. मग एकाने नाक वर केलं. दुसऱ्याने केलं. हळूहळू सगळं अंगण नाक वर करून उभं राहिलं.

"ज्युनिपर," दुसऱ्या मजल्यावरची बोर्गहिल्ड म्हणाली. ही इमारतीच्या मंडळाची अध्यक्ष. कचऱ्याच्या डब्यात चुकीची पिशवी टाकणाऱ्याला ती नावानिशी पत्र पाठवत असे. "सिवर्ट, कोण करतंय बिअर?"

सिवर्ट आकाशाकडे बघू लागला.

"मंडळाचा नियम आहे, जिन्यात वाफ येता कामा नये," बोर्गहिल्ड कडक आवाजात म्हणाली. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "विरजण तुमच्या आजोबांचंच ना?"

तेवढ्यात बंब आला. हेल्मेट घातलेला तरुण जवान धाडधाड वर गेला आणि तितक्याच धाडधाड खाली आला. "आग नाही. खिडक्या उघडल्यात. काका, शेगडी बंद करायला लागेल."

"अजून एक तास राहिलाय रे," सिवर्ट काकुळतीला आला. "तीन तासांवर सोडली तर आजोबा थडग्यातून उठून येतील."

जवान विचारात पडला. त्याचा आजाही चार तासवालाच होता. "बरं, खिडक्या उघड्या ठेवा," तो म्हणाला, आणि बंबात चढता चढता वळला. "चाखणी परवा ना? माझी ड्यूटी सहाला संपते."

चार तास भरले. सिवर्टने शेगडी बंद केली, वाफ ओसरू दिली आणि पातेल्यात डोकावला. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा डोकावला. मोठ्या कढईतून चार तासांत तिसरा हिस्सा उडत असे, तेवढं तो धरून चालला होता. पण या पसरट पातेल्याच्या तळाशी जेमतेम चार लिटर काळं, चिकट, काकवीसारखं काहीतरी उरलं होतं.

"पातेलं गळतंय," तो म्हणाला.

"हो का? मग खालच्या मजल्यावर गोड पाऊस पडला असेल," गुनवोर म्हणाली.

सिवर्ट मटकन खाली बसला. बारशाला साठ माणसं, आणि बिअर चार लिटर. आता दुसरा घाणा घालावा तर माल्ट संपलेलं, आणि ते मागायला ओडमुंडकडे जायचं म्हणजे त्यापेक्षा पाणी पाजलेलं बरं. पण विरजण कोमट रसात भिजलेलं होतं, आणि भिजलेलं विरजण थांबत नाही. पातेलं कोमट झाल्यावर त्याने ते त्यात ओतलं.

विरजण टाकताना ओरडायचं असतं. जितक्या जोरात ओरडाल तितकी बिअर कडक, असं मानतात.

"ओरडणंही दहाने भाग," गुनवोरने बजावलं. "एकदा बंब येऊन गेलाय."

सिवर्टने दहाने भागून एक आवाज काढला. उंदराच्या शेपटीवर पाय पडावा तसा तो आला. त्याने त्या चार लिटरांकडे पाहिलं, ओडमुंडचं हसरं तोंड डोळ्यांपुढे आणलं, आणि मग दीडशे लिटरचं ओरडला.

खालून झाडूचा दांडा छताला ठकठकला. बोर्गहिल्डचा आवाज उघड्या खिडकीतून वर आला. "टाकलं का? मग परवा येतो आम्ही!"

आता सुटका नव्हती. हे विरजण दोन दिवसांत काम उरकतं, आणि बिअर तयार झाली की शेजाऱ्यांनी न बोलावता येऊन चाखायची, ही रीत. आलेल्याला नाही म्हणणं म्हणजे गावात तोंड काळं करून घेणं. परवा संध्याकाळी सगळी इमारत आपापले लाकडी वाडगे घेऊन जिन्यात रांगेत उभी राहिली. बंबवाला जवान वर्दीतच होता. आणि सगळ्यांच्या पुढे, आपल्या आजोबांचा कोरीव वाडगा पोटाशी धरून, ओडमुंड.

"ऐकलं की, भाऊजींनी कारखाना टाकलाय," तो म्हणाला.

गुनवोरने सगळ्यांचे वाडगे कोपऱ्यात ठेवायला लावले आणि कपाटातून अंडी खायचे चिमुकले कप काढले.

"हे काय?" बोर्गहिल्डने विचारलं.

"फ्लॅटचं माप," गुनवोर शांतपणे म्हणाली.

लोकांनी एकेक घोट घेतला. बोर्गहिल्डने भिंतीचा आधार घेतला. जवानाने हेल्मेट काढलं. ओडमुंडने मात्र कप परत दिला. "मी काय कोंबडी आहे? वाडग्यात दे." मेहुण्याला नाही म्हणणं तर त्याहून वाईट. सिवर्टने दात-ओठ खात त्याचा वाडगा भरला. जवळजवळ लिटरभर गेली. ओडमुंडने पद्धतीप्रमाणे तो एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि खुर्ची होती की नाही हे न बघता बसला. सुदैवाने होती.

"सिवर्ट," रिकामा वाडगा पुढे धरून तो म्हणाला. "हे काय आहे?"

सिवर्टने कबुलीजबाबासाठी तोंड उघडलं. आटली, चुकलो, हस एकदाचा, असं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ओडमुंडच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं होतं.

"आपण सगळे या खोऱ्यात काय पितो रे? मी माझ्या भाचीच्या... नाही, भाच्याच्या पोरीच्या बारशाला भांडी धुतलेलं पाणी पाजायला निघालो होतो! कशी केलीस ही? सांग. तुझ्या पाया पडतो."

सिवर्टने गुनवोरकडे पाहिलं. गुनवोर रिकाम्या पातेल्यात बघत होती. चार लिटर संपले होते. तळाला फक्त विरजण उरलं होतं, साय धरावी तसं जाड.

"आटवायची," सिवर्ट घसा खाकरून म्हणाला. "चौथा हिस्सा उरेपर्यंत. जुनी रीत आहे. सगळ्यांना झेपत नाही."

"मला झेपेल! माझं चूलघर, माझी कढई, माझं माल्ट. तू फक्त विरजण आण."

झालं! पुढचे दोन दिवस सिवर्ट ओडमुंडच्या चूलघरात मेंढीचं कातडं घातलेल्या खुर्चीत बसून होता. ओडमुंड लाकडं फोडत होता, लाकडं वाहत होता, लाकडं सारत होता. सिवर्ट मधूनच कढईत डोकावून म्हणायचा, "अजून थोडी. आणि आच मंद ठेव, घाई नको." हिवाळाभर पुरायची लाकडं निम्म्यावर आली. ओडमुंडच्या भुवया जळाल्या. पण त्याच्या तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नाही. विरजण टाकताना तो सिवर्टहूनही मोठ्याने ओरडला.

बारशाला पाद्रीबाईंनी एक घोट घेतला, खुर्चीला हात टेकला आणि विचारलं, "ही कुणाची बिअर?"

ज्याचं विरजण त्याची बिअर, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. भुवया नसलेला ओडमुंड साठ माणसांसमोर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सिवर्टची!" सिवर्टने नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या टोपीवर नाक टेकवून इकडे तिकडे बघत राहिला, कारण डोळे ओले झाले होते आणि ते बिअरमुळे नव्हते.

घरी परतताना गाडी गुनवोर चालवत होती. सिवर्ट शेजारी बसून गुणगुणत होता.

"काय गं," तो म्हणाला, "ओडमुंडला खरं सांगावं का कधी? म्हणजे ते पातेल्याचं. वाईट वाटतं. केवढी लाकडं जाळली बिचाऱ्याने."

"त्याला माहीत आहे."

सिवर्टचं गुणगुणणं थांबलं. "काय माहीत आहे?"

"सगळं. बंब आला त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला होता. हसून हसून त्याला खोकला लागला. चाखणीला तो तुझी फजिती बघायलाच आला होता."

"मग बोलला का नाही? दोन दिवस लाकडं कशाला फोडली?"

"त्या वाडग्यानंतर त्याने मला जिन्यात गाठलं," गुनवोर गिअर बदलत म्हणाली. "म्हणाला, ताई, तुझ्या नवऱ्याला अजिबात कळू देऊ नकोस की चुकलंय. नाहीतर पुढच्या खेपेला तो बरोबर करेल."